हॅश लावून लिहिलेल्या त्या ओळींबद्दल

आमच्याआधी हा सर्व्हर सांभाळणाऱ्या सहकाऱ्यास,

स. न. वि. वि.

कॉन्फिग फाईलमध्ये तुमचं नाव कुठेच नाही, म्हणून हे पत्र जाहीरच लिहावं लागतंय. मॉनिटर नसलेल्या लिनक्स सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉप उघडला की १०२४ बाय ७६८ चा आखूड चौकोन समोर येतो. त्यावर उपाय शोधू गेलं तर कमांडी ढिगाने मिळतात. कुठली कमांड कुठे चालणार नाही आणि का, हे मात्र कोणी लिहीत नाही. तुम्ही प्रत्येक सेटिंगच्या वर हॅश (#, म्हणजे सर्व्हर न वाचता सोडतो अशी टीप) लावून ते लिहून ठेवलंत, त्याबद्दल मनापासून आभार.

सगळ्यात उपयोगी पडली ती पहिलीच ओळ: ‘आधी बघ, स्क्रीन खरा आहे की आभासी.’ एक्स-इलेव्हन-व्हीएनसी हा दूरून स्क्रीन दाखवणारा प्रोग्रॅम आधीपासून चालू असलेला शून्य क्रमांकाचा डिस्प्ले फक्त दाखवतो. त्याचं माप ग्राफिक्स ड्रायव्हर ठरवतो. टायगरव्हीएनसी या तशाच दुसऱ्या प्रोग्रॅमचा सर्व्हर स्वतःचा वेगळा डिस्प्ले उभा करतो. त्याचा ग्राफिक्स कार्डाशी संबंधच नाही, त्यामुळे तिथे जिऑमेट्रीत (मापाच्या सेटिंगमध्ये) १९२० बाय १०८० आणि डेप्थ (रंगांची खोली) २४ लिहिलं की काम झालं. एक्सआरडीपी या रिमोट डेस्कटॉप सर्व्हरमध्ये एक्सऑर्गचं (लिनक्सवर स्क्रीन चालवणाऱ्या एक्स सर्व्हरचं) सेशन घेतलं तर माप जोडणाऱ्या क्लायंटकडूनच येतं, सर्व्हरवर काही कोरायची गरज नाही.

घोटाळा असा की आकडा दोन्हीकडे तोच पडतो. टायगरव्हीएनसीचं न सांगता मिळणारं माप १०२४ बाय ७६८, आणि एकही मॉनिटर न सापडल्यावर एक्सऑर्ग स्वतः धरतो तेही १०२४ बाय ७६८. लक्षण एक, कारणं दोन. ही टीप नसती तर कितीतरी जण टायगरव्हीएनसीच्या तक्रारीवर ग्राफिक्स ड्रायव्हर उलटापालटा करत बसले असते.

खऱ्या डिस्प्लेचं दुखणं ईडीआयडीत, म्हणजे मॉनिटरच्या ओळखपत्रात, आहे, हेही तुम्ही मोजक्या शब्दांत मांडलंय. मॉनिटर आपली ओळख आणि झेपणारी मापं किमान १२८ बाइटच्या तुकड्यातून केबलवरूनच कळवतो. मॉनिटर नाही म्हणजे तो तुकडा नाही, आणि कार्डाच्या लेखी ते पोर्ट रिकामं. सिसएफएसमध्ये (कर्नल हार्डवेअरची स्थिती दाखवतो तिथे) डीआरएमच्या, म्हणजे ग्राफिक्सच्या, फोल्डरात त्या पोर्टच्या स्टेटस फाईलीत ‘डिस्कनेक्टेड’ दिसतं, शेजारची ईडीआयडी फाईल रिकामी असते. या दोन फाईली आधी वाचायच्या आणि मगच बाकीचं, हा तुमचा क्रम आता आमचाही झालाय.

मोडलाइनबद्दलची (स्क्रीनच्या एका मापाचे सगळे आकडे सांगणाऱ्या ओळीबद्दलची) टीप तर जपून ठेवण्यासारखी. सीव्हीटी कमांडला १९२० १०८० ६० दिलं की ती १७३ मेगाहर्ट्झचा पिक्सेल क्लॉक (पिक्सेल पाठवायचा वेग) काढते: आडवे एकूण २५७६ पिक्सेल, उभ्या ११२० ओळी. सिंगल-लिंक डीव्हीआयची मर्यादा १६५ मेगाहर्ट्झ. म्हणजे एक्सरॅन्डरमध्ये (स्क्रीनचा मोड बदलायच्या कमांडमध्ये) न्यूमोड बिनतक्रार होतो, अ‍ॅडमोडही होतो, आणि शेवटी मोड लावताना गाडी अडते. दोष टायपिंगचा नसतो, क्लॉकचा असतो. सीव्हीटीला आर हा पर्याय जोडला की प्रत्येक ओळीच्या शेवटची रिकामी जागा कमी होते आणि तेच माप १३८.५० मेगाहर्ट्झमध्ये बसतं. तुम्ही दोन्ही मोडलाइन एकाखाली एक लिहून पहिलीच्या आधी हॅश ठेवलात. फरक नुसता बघून कळतो. १३६६ मागितल्यावर सीव्हीटी १३६८ देते, कारण तिला रुंदी आठाच्या पटीत लागते, हेही कंसात टिपलंय. मोडच्या नावातला एक आकडा चुकला की अ‍ॅडमोडला तो मोड सापडत नाही, त्यामुळे ही टीप वाटते तेवढी किरकोळ नाही.

डमी ड्रायव्हरच्या (कार्डाऐवजी नुसत्या मेमरीत स्क्रीन उभा करणाऱ्या ड्रायव्हरच्या) भागात तुमचा हात सैल सुटलाय आणि ते बरंच झालं. व्हिडिओरॅमचा आकडा किलोबाइटमध्ये असतो. १९२० गुणिले १०८० गुणिले ४ बाइट म्हणजे बरोबर ८१०० किलोबाइट, आणि या ड्रायव्हरच्या जुन्या आवृत्त्या आपणहून फक्त ४०९६ धरतात. मोठा मोड गुपचूप गळतो, डेस्कटॉप लहानच उघडतो आणि एररचा डबा काही येत नाही. उत्तर फक्त एक्सऑर्गच्या लॉगमध्ये असतं. मॉनिटर सेक्शनमधल्या हॉरिझसिंक आणि व्हर्टरिफ्रेशच्या (मॉनिटरला झेपणारे आडवे-उभे वेग सांगणाऱ्या) ओळी गाळल्या तरी असंच होतं. १७३ मेगाहर्ट्झ भागिले २५७६ म्हणजे साधारण ६७ किलोहर्ट्झ, आणि पल्ला सांगितला नाही तर एक्स त्याहून बराच अरुंद पल्ला गृहीत धरतो. तुम्ही ५ ते १००० आणि ५ ते २०० असे ऐसपैस पल्ले दिलेत. खरा मॉनिटर नसल्यावर जळणार काय!

त्याच भागाच्या शेवटी मोठ्या अक्षरात लिहिलंय की ही फाईल ठेवून खरा मॉनिटर जोडला तर त्यावर डेस्कटॉप येणार नाही, आधी फाईलचं नाव बदल. सर्व्हरसमोर कीबोर्ड घेऊन उभं राहायची वेळ येते तेव्हा या ओळीची किंमत कळते. शिवाय डमीवर ग्राफिक्स कार्डाचा वेग मिळत नाही, ओपनजीएल (थ्रीडी चित्रण) प्रोसेसरवर ओढलं जातं. थ्रीडी लागत असेल तर डमीच्या नादी लागू नये, हा तुमचा सल्ला आम्हाला शंभर टक्के पटतो.

अशा वेळी ग्रबमधली (सर्व्हर बूट करणाऱ्या प्रोग्रॅममधली) ओळ: व्हिडिओ=एचडीएमआय-ए-१:१९२०×१०८०@६०ई. शेवटचा ई म्हणजे पोर्ट जबरदस्तीने चालू. त्या जागी कॅपिटल डी दिला तर पोर्ट डिजिटल म्हणून चालू होतं, स्मॉल डी दिला तर चक्क बंद. एका अक्षराच्या आकारावर सगळं उलटं, आणि सर्व्हर दूर असेल तर हे रीबूटनंतरच समजणार. कर्नल ज्याला एचडीएमआय-ए-१ म्हणतो त्याला एक्सरॅन्डर बहुधा एचडीएमआय-१ म्हणतो. एकीकडचं नाव दुसरीकडे चिकटवलं की काहीच घडत नाही. ईडीआयडीची फाईल फर्मवेअर म्हणून द्यायची असेल आणि ग्राफिक्स ड्रायव्हर इनिटरॅमएफएसमधून (बूटच्या सुरुवातीच्या छोट्या फाईलसंचातून) लवकर चढत असेल, तर ती फाईलही तिथेच असावी लागते, हेही तुम्ही विसरला नाहीत.

एका टीपेवर मात्र हसू आवरलं नाही: ‘एसएसएचमधून एक्सरॅन्डर चालवलास आणि समोरच्या लॅपटॉपचीच यादी दिसली? एक्स फॉरवर्डिंग चालू आहे.’ फॉरवर्डिंगमध्ये डिस्प्ले व्हेरिएबल लोकलहोस्ट:१०.० असं काहीतरी असतं, आणि कमांड आपल्याच मशीनच्या एक्स सर्व्हरशी बोलते. डिस्प्ले :० करायचा आणि त्या सेशनच्या मालकाची एक्सऑथॉरिटी (परवानगीची) फाईल दाखवायची, नाहीतर डिस्प्ले उघडतच नाही.

तुमच्या फाईलच्या तळाशी आम्ही तुमच्याच पद्धतीने हॅश लावून एक ओळ वाढवली आहे: ‘एक्सरॅन्डरने लावलेला मोड एक्स रीस्टार्ट झाला की जातो. सेशन वेलँडचं (एक्सऐवजीच्या नव्या पद्धतीचं) असेल तर तो लागतच नाही. आधी एक्सडीजी सेशन टाइप तपास.’ तुमची एकही ओळ पुसलेली नाही.

कळावे, लोभ असावा.

सध्या हा सर्व्हर सांभाळणारे