आजपुरतं मी मागते, तू आमेन म्हण

प्रिय काकू,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

"आभार मानायचे तर देवाचे मान, माझं त्यात काय?" हे तुमचं वाक्य मला पाठ आहे. त्याच्या धाकानेच दोन वर्षं हे पत्र लिहायचं राहिलं. आता मात्र लिहितेय, आणि तेही सगळ्यांच्या देखत, म्हणजे तुम्हाला ते हळूच परत करता येणार नाही.

तो रविवार तुमच्या लक्षात असेल की नाही कोण जाणे. उपासना संपली होती, माणसं बाहेर गप्पा मारत होती आणि मी शेवटच्या बाकावर उगाच बायबल चाळत बसले होते. तुम्ही शेजारी येऊन बसलात. "काय झालं?" एवढंच विचारलंत. मी म्हटलं, "प्रार्थना होत नाही." आठ महिन्यांत हे मी पहिल्यांदा मोठ्याने बोलले होते.

रविवार शाळेत मुलांना शिकवणारी बाई मी. धडा तयार असायचा, चित्रं तयार असायची, गीतही बसवलेलं असायचं. घरी मात्र 'हे प्रभू' म्हटलं की पुढे काहीच सुचायचं नाही, घड्याळाकडे बघत बसायची. आधी दोघातिघांना आडून आडून विचारलं होतं. एकाने सांगितलं, मनात एखादं पाप दडलं असेल, शोध. शोधलं. सापडली बरीच, कबूलही केली, पण कोरडेपणा होता तसाच राहिला. दुसऱ्याने उपास धरायला सांगितलं. उपासाबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण तेव्हा तो सल्ला उपाशी माणसाला उपास सांगण्यासारखाच होता.

तुम्ही सल्ला दिलाच नाहीत. "बरं," म्हणालात. "आजपुरतं मी मागते, तू आमेन म्हण." आणि तिथेच, बाकावर, डोळे मिटून चार वाक्यं बोललात. त्यातलं एक मला अजून आठवतं: "प्रभो, हिला भूकसुद्धा लागत नाहीये, ती पण तूच दे." मी आमेन म्हटलं. त्या दिवसाची माझी प्रार्थना तेवढीच.

खरं तर तोवर मला वाटायचं, भूक आपली आपण आणायची आणि भाकर देवाने द्यायची. विश्वास, तळमळ, पश्चात्ताप ही जणू माझी वर्गणी, ती भरली की पुढचं त्याच्याकडून. वर्गणीही त्याच्याकडेच मागायची असते हे कुणी असं सरळ सांगितलं नव्हतं. मार्काच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातला तो आजारी मुलाचा बाप 'माझा अविश्वास घालवा' म्हणून येशूपुढे रडतो, हे मी मुलांना कितीदा तरी शिकवलं होतं! शिकवताना तो मला नेहमी दुसरा कुणीतरी वाटायचा.

पुढच्या आठवड्यात तुम्ही निर्गमाचा सोळावा अध्याय उघडायला लावलात. मान्ना, म्हणजे रानात देवाने इस्राएल लोकांना रोज दिलेलं अन्न. माणशी एक ओमर (तेव्हाचं एक माप), रोज सकाळी, ऊन तापायच्या आत गोळा करायचा. ज्यांनी उद्यासाठी ठेवला त्यांच्या भांड्यात किडे पडले, घाण सुटली. मला वाटलं, आता मोहाबद्दल काहीतरी ऐकावं लागणार. तुम्ही विचारलंत, "तुला शेवटचं देवाजवळ वाटलं ते कधी?" मी एका तरुण शिबिराचं नाव घेतलं. अकरा वर्षांपूर्वीचं. तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंत. "म्हणजे तेव्हापासून शिळा मान्ना खातेस होय?"

हसू आलं आणि रडूही. खरंच तसं होतं. त्या शिबिरातली रात्र, ते अश्रू, तो आनंद मी डबा भरून ठेवल्यासारखा जपला होता आणि रोज तोच उघडून बघत होते. आजच्यासाठी काही मागतच नव्हते, कारण आज काय कमी आहे ते देवाला सांगायची लाज वाटत होती.

मग लूकच्या अकराव्या अध्यायातला तो मध्यरात्री भाकरीसाठी मित्राचं दार ठोठावणारा माणूस. मला तो नेहमी चिकाटीचा धडा वाटायचा. तुम्ही बोट ठेवलंत ते वेगळ्याच ओळीवर: पाहुणा आलाय आणि त्याला वाढायला माझ्याजवळ काही नाही. "दर रविवारी तुझ्यासमोर वीस मुलं बसतात," म्हणालात. "रिकाम्या हाताने ठोठाव की! तो पण रिकाम्या हातानेच गेला होता." त्याच उताऱ्याच्या शेवटी येशू म्हणतो की स्वर्गीय पिता मागणाऱ्यांना पवित्र आत्मा देईल. मत्तय तिथे 'चांगल्या देणग्या' म्हणतो, लूक थेट आत्म्याचंच नाव घेतो. मी इतके दिवस भावना मागत होते, काकू. आत्मा मागितलाच नव्हता.

बाकी एलीया संदेष्ट्याबद्दल तुम्ही जे बोललात ते थोडक्यात सांगते, नाहीतर पत्र लांबेल: मरण मागत झुडपाखाली पडलेल्या माणसाला देवाने आधी खायला दिलं आणि पुन्हा झोपू दिलं. त्यावर तुमचा प्रश्न, "तू झोपतेस किती?" एवढ्या आध्यात्मिक चर्चेत हा प्रश्न मला जरा अपमानास्पदच वाटला होता. उत्तर पाच तास असं होतं.

आता मुद्द्यावर येते. 'माझा देव तुमची सर्व गरज पुरवील' या अर्थाचं प्रेषित पौलाचं वचन आपण कुठे कुठे लावतो, बहुतेक वेळा पैशाच्याच अडचणीला. परवा फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय सलग वाचला तेव्हा दिसलं की ते वचन एका आभाराच्या मजकुरात आहे. पौल बंदिवासात. फिलिप्पैच्या मंडळीने भेट पाठवली, ती त्यांच्यातला एपफ्रदीत घेऊन आला, आणि तो याच सेवेत आजारी पडून मरणाच्या दारात जाऊन आला. पौलाचा पूर्ण भरवसा देवावर, तरी त्याने 'देवाने दिलं' म्हणून आणणाऱ्याचं नाव गाळलं नाही. कोणी पाठवलं, कोणाच्या हाती आलं, सगळं लिहून ठेवलं. तेव्हा काकू, तुमचा आक्षेप पौलाकडे नोंदवा.

तुमचं नाव मी घातलं नाही, एवढी तडजोड केलीय.

आणि एक. तुमच्या बायबलमध्ये ८८व्या स्तोत्राशेजारी पेन्सिलीने लिहिलेल्या तीन तारखा मी पाहिल्या होत्या. ते स्तोत्र अंधारातच संपतं, मूळ इब्रीत शेवटचा शब्दच 'अंधार' आहे. तारखांबद्दल मी काही विचारलं नाही, तुम्हीही काही सांगितलं नाहीत. "तू पण लिहून ठेव, नंतर कामी येते," म्हणून पेन्सिल माझ्या हातात दिलीत. माझ्या बायबलात तिथे आता दोन तारखा आहेत. दुसरी गेल्या महिन्यातली. या वेळी आठ महिने गप्प बसले नाही, तिसऱ्याच दिवशी तुम्हाला फोन केला होता, आठवतंय ना?

पेन्सिल अजून माझ्याकडेच आहे. बरीच झिजलीय, परत मागू नका.

तुमची,
शेवटच्या बाकावरची