घराजवळच्या बर्फात एकदा चालून ये

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा आलं. दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना एका ओळीपाशी अडलो. ‘बाहेर सगळं पांढरंफटक, बघण्यासारखं काही उरलेलं नाही, बर्फाचा आनंद घ्यायचा तर सुट्टी काढून डोंगरातच जायला हवं,’ असं तू लिहिलंयस. एवढा बर्फ तुला यंदा पहिल्यांदाच भेटतोय, दिवस लवकर मावळतोय, मन उतरलंय, हे मला कळतं. माझाही इथला पहिला हिवाळा पडदे ओढूनच गेला. कामावर जाणं-येणं सोडलं तर जवळजवळ दोन महिने मी बाहेर पाऊल टाकलं नव्हतं. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो. डोंगराबद्दल नाही, तुझ्या दारापासून वीस मिनिटांच्या आत जे आहे त्याबद्दल.

मला बाहेर काढलं ते एका कोल्ह्याने. फेब्रुवारीतली सकाळ होती. रात्रभर बर्फ पडून पहाटे थांबला होता. पडदा सारला तर खिडकीखालून एक ठशांची ओळ गेलेली. इतकी सरळ, की कुणीतरी पांढऱ्या कापडावर धावदोरा घातलाय असं वाटावं. कुत्र्याची चाल अशी नसते, तो इकडेतिकडे हुंगत भटकतो. कोल्हा चालताना मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशातच टाकतो, म्हणून चार पायांचा प्राणी दोन पायांवर गेल्यासारखा माग उमटतो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी नुसते बूट चढवले आणि त्या ओळीशेजारून चालू लागलो.

ओळ कुंपणाच्या कडेने गेली, एका झुडपाला वळसा घातला, आणि उघड्यावर येऊन एकदम थांबली. तिथे चारही पावलं एकमेकांजवळ उमटलेली. पुढे दीड-दोन मीटर काहीच नाही, बर्फ अगदी कोरा. आणि त्यापलीकडे एक खोलगट खड्डा, कडा विस्कटलेल्या, तळाशी वाळक्या गवताच्या दोन काड्या. मी तिथे किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. रात्री कधीतरी, मी भिंतीपलीकडे झोपलेला असताना, तो इथे थांबला होता, कान टवकारून बर्फाखालच्या उंदराचा आवाज ऐकला होता, आणि तोंड खाली करून उडी घेतली होती.

पुढे वाचलं तेव्हा कळलं, की चेक संशोधकांनी ८४ कोल्ह्यांच्या जवळपास ६०० उड्या नोंदवून २०११ साली एक निष्कर्ष मांडला. उंच गवतात किंवा बर्फात, जिथे शिकार दिसत नाही, तिथे ईशान्येच्या आसपास घेतलेल्या उड्या सर्वांत जास्त यशस्वी ठरतात. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा अंतर मोजायला कोल्ह्यांना उपयोग होत असावा, असा संशोधकांचा अंदाज आहे. तेव्हापासून असा खड्डा दिसला की मी फोनमधलं होकायंत्र काढून बघतो. त्या पहिल्या कोल्ह्याचा खड्डा मात्र मनातच राहिला. त्याला काही मिळालं की नाही तेही कळलं नाही. रक्ताचा थेंब कुठेच नव्हता.

तू म्हणतोस तसं बाहेर ‘काही नाही’ असतं, तर तो कोल्हा तिथे आलाच नसता. बर्फाच्या खाली वस्ती असते, मित्रा. जमीन उन्हाळ्यातली ऊब धरून असते आणि बर्फ वरून गोधडीसारखा पडतो, कारण त्यात बहुतांश हवाच असते. वीतभर थर साचला की वर उणे २० अंश असले तरी जमिनीलगत शून्याच्या आसपास राहतं. तळाचा बर्फ हळूहळू भरड, सुटा होत जातो आणि जमीन नि बर्फ यांच्यामध्ये बोटभर पोकळी तयार होते. त्या पोकळीत शेतउंदीर आणि चिचुंद्र्या सगळा हिवाळा फिरतात, बोगदे काढतात, मुळं-गवत कुरतडतात. बर्फ वितळायला लागला की त्यांच्या वाटा गवतावर नागमोडी उघड्या पडतात. मार्चमध्ये आठवणीने बघ. आपण तीन महिने ज्यांच्या डोक्यावरून चालत होतो त्यांचा आख्खा गाव दिसतो.

माग वाचायला लागलास की तुला घरात बसवणार नाही, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. सशाचा माग नवखा माणूस हमखास उलटा वाचतो. दोन मोठे ठसे शेजारी-शेजारी आणि त्यांच्या मागे दोन लहान, एकामागे एक. मोठे ठसे मागच्या पायांचे, पण उडीत ते पुढच्या पायांच्याही पुढे पडतात. म्हणजे मोठे ठसे ज्या बाजूला, ससा त्या बाजूला गेला. खारीचाही साधारण असाच, पण तिचे पुढचे दोन पाय बरेचदा शेजारी-शेजारी पडतात आणि माग एका झाडाच्या बुंध्यापासून निघून दुसऱ्या बुंध्याशी संपतो. उंदराच्या ठशांमधून शेपटीची बारीक रेघ ओढलेली दिसते. आणि एखाद दिवशी पक्ष्याने उडताना पंखांनी बर्फ झटकलेला दिसेल. दोन्ही बाजूंना पिसांच्या टोकांच्या रेघा, पंख्याच्या काड्यांसारख्या. असा ठसा मला इतक्या वर्षांत चारदाच मिळालाय, आणि चारही जागा मी आजही दाखवू शकेन.

आता बर्फ पडत असताना काय करायचं ते. गडद रंगाचा लोकरी कोट घाल, बाहेर जाऊन पाच मिनिटं उभा राहा, म्हणजे बाही थंड होऊ दे. गरम बाहीवर कण टेकताच विरघळतात. मग हात आडवा धर आणि वाट बघ. श्वास दुसरीकडे सोड. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग मिळालं तर फारच उत्तम, पण नुसत्या डोळ्यांनीही दिसतं. मागच्या आठवड्यात माझ्या मनगटापाशी एक चांदणी पडली, जेमतेम तीन-चार मिलिमीटरची. सहा हात, प्रत्येक हाताला नेच्याच्या पानासारख्या फांद्या, मध्यभागी बारीकशी षटकोनी चकती. एका हाताचं टोक तुटलेलं होतं. बघता बघता फांद्यांची टोकं गोलावली, मग ती आकसली, आणि लोकरीच्या धाग्यावर पाण्याचा एक थेंब तेवढा राहिला.

सहाच हात का, तर पाण्याचे रेणू गोठताना षटकोनी जाळीत बसतात. आकार मात्र वरच्या हवेवर ठरतो. उणे ५ अंशांच्या आसपास सुया आणि नळ्या बनतात, उणे १५ च्या आसपास, हवेत पुरेसा ओलावा असेल तर, फांद्यांच्या मोठ्या चांदण्या. जपानमधल्या होक्काइदो विद्यापीठात उकिचिरो नाकाया यांनी १९३६ साली सशाच्या केसाच्या टोकावर पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवला आणि हे नातं नीट उलगडलं. म्हणजे बाहीवर काय पडलंय ते बघून वर ढगात किती थंडी आहे याचा अंदाज बांधता येतो. मला याचं अजूनही नवल वाटतं.

आणि तुला डोंगराची ओढ आहे म्हणून विल्सन बेंटलींबद्दल सांगतो. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातले हे शेतकरी. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून १५ जानेवारी १८८५ रोजी त्यांनी हिमस्फटिकाचा आपला पहिला फोटो काढला, तेव्हा ते १९ वर्षांचे होते. १९३१ साली वारले तोवर त्यांनी ५,००० हून जास्त स्फटिकांचे फोटो काढले. त्यासाठी ते हिमशिखरांवर गेले नाहीत. आपल्याच शेतावर, थंडगार शेडमध्ये उभं राहून, श्वास रोखून काम करत राहिले.

आपल्या बोलण्यात आकाशातून पडतो तोही बर्फ आणि तळ्यावर गोठतो तोही बर्फ, त्यामुळे सुरुवातीला डोळ्यांनाही सगळं एकच वाटतं. बर्फाबर्फातला फरक पायांना आधी कळतो. शून्याच्या जवळपास असेल तर बर्फ बुटाखाली मुकाट दबतो. उणे १० च्या खाली गेलं की करकर वाजतो, कारण आता कण वितळून सरकत नाहीत, एकमेकांवर घासून तुटतात. मी आता थर्मामीटर न बघता पावलांच्या आवाजावरून सांगतो. आणि नुकता भुरभुरून पडलेला बर्फ असेल त्या सकाळची शांतता! त्यातल्या हवेच्या बारीक पोकळ्या आवाज शोषून घेतात. रस्त्यावरची वर्दळ लांब कुठेतरी गेल्यासारखी वाटते. ही शांतता फार टिकत नाही, वारा सुटला किंवा ऊन लागून वर कवच धरलं की आवाज परत येतो. म्हणून अशा सकाळी बाकी कामं बाजूला ठेवून मी आधी बाहेर पडतो.

पांढऱ्याबद्दलही तुझ्याशी भांडायचंय. संध्याकाळी सूर्य बुडल्यावर वीस मिनिटं बाहेर उभा राहा आणि मग मला पांढरं म्हण. दिवसा उन्हातल्या सावल्याही निळ्या असतात, कारण त्यांच्यावर पडतो तो फक्त आकाशाचा उजेड. खोल बर्फात काठी खुपसून बाहेर काढ आणि त्या भोकात डोकाव, आत फिकट निळा उजेड साठलेला दिसेल. बर्फ लाल रंग किंचित जास्त गिळतो, आणि उजेड कणाकणावर आपटत जितका आत जातो तितका निळा उरतो. हे तुला कुठल्याही अंगणात, फूटभर बर्फ असेल तिथे दिसेल.

झाडांकडे जायचं तर भूर्जाखाली जा, ज्याच्या भावंडांच्या सालीवर आपल्याकडे पोथ्या लिहीत तेच हे कूळ. पांढरी साल पापुद्र्यांनी सुटलेली असते, लगेच ओळखशील. हिवाळ्यात त्याच्या शेंगेसारख्या लोंब्या वाळून विखुरतात आणि खाली बर्फावर तपकिरी चुरा सांडतो. तो तळहातावर घे. त्यात दोन तऱ्हेचे तुकडे असतात. एक तीन टोकांचा खवला, हुबेहूब पंख पसरून उडणाऱ्या पक्ष्यासारखा. दुसरं खरं बी, मधे दाणा आणि दोन बाजूंना पारदर्शक पातळ पंख, फुंकर मारली की गेलं. त्याच फांद्यांवर चिमणीहून लहान टिट पक्षी उलटे लटकून लोंब्या कुरतडत असतात. वजन दहा-बारा ग्रॅम, आणि एवढ्याशा देहात ते लांबलचक रात्र काढतात. त्यांच्यातल्या काही जाती तर रात्री अंगाचं तापमान कित्येक अंशांनी खाली आणतात, म्हणजे साठवलेली चरबी सकाळपर्यंत पुरते. अंधार पडायच्या आधीची त्यांची घाई बघितली की माझा जीव वरखाली होतो.

एक मात्र कळकळीने सांगतो. तुझ्या घरामागे ओढा आणि तळं आहे म्हणालास, त्या बर्फावर माझ्या भरवशावर पाय ठेवू नकोस. घट्ट, पारदर्शक बर्फ निदान १० सेंटीमीटर असल्याशिवाय माणसाने त्यावर जायचं नाही, पांढरा दुधी बर्फ त्याच्या निम्म्यानेच भक्कम असतो, आणि ओढा जिथे तळ्याला मिळतो तिथे तर वाहत्या पाण्याने तो खालून झिजतो. काठावरूनच ऐक. कडाक्याची थंडी पडते त्या संध्याकाळी बर्फ ताणला जाऊन तडकतो आणि तळं खोल, घुमणारा आवाज काढतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा छातीत धस्स झालं होतं. आता मी त्यासाठी मुद्दाम जाऊन थांबतो.

कपड्यांचं थोडक्यात: अंगालगत सुती बनियन नको. मी पहिल्या वर्षी तीच चूक केली. चालून घाम आला, थांबल्यावर ते ओलं सूत अंगाला चिकटलं आणि हुडहुडी भरून मी अर्ध्या वाटेवरून परतलो. आत पातळ लोकरी, वर उबदार, सगळ्यात वर वारा अडवणारं. बूट अर्धा अंक मोठे, म्हणजे जाड मोज्यांत बोटं हलतात. फोन आतल्या खिशात, थंडीत बॅटरी भराभर उतरते. आणि ऐन दुपारी जा, जो काय सूर्य आहे तो तेव्हाच आहे. उन्हाची तिरीप बर्फावरून परतून चेहऱ्यावर येते. ताजा बर्फ पडलेल्या उजेडापैकी ८० टक्क्यांहून जास्त परत फेकतो, म्हणून गॉगलही घे. मनाला त्या उजेडाने काय होतं ते तुझं तूच बघ. मला तरी त्यानेच तारलं.

रोज तोच रस्ता धर, ही माझी शेवटची विनंती. नवा रस्ता शोधत बसू नकोस. कुंपण, झुडूप, ओढ्याचा काठ, परत घर. काल जिथे कोरं होतं तिथे आज कोण गेलं हे कालचं पाहिलेलं असेल तरच कळतं.

पुढच्या वेळी रात्री बर्फ पडून पहाटे थांबेल, तेव्हा कुणी चालून जायच्या आत बाहेर पड. घरामागचं कुंपण आधी बघ. आणि पहिला माग कुणाचा मिळाला, कुठून कुठे गेला होता, ते मला सगळं लिही. जमलं तर पेन्सिलीने काढून पाठव, मोजायला शेजारी हातमोजा ठेव. मी इथे रोज पत्रपेटीत डोकावतोय.

तुझाच,
जिवाभावाचा मित्र