ओआरएसची पुडी लिटरभर पाण्यातच घाला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाऊस सुरू झाला की गॅस्ट्रोच्या बातम्या येतात, किती पेशंट अॅडमिट झाले, टाकीत क्लोरीन टाकलं होतं का नव्हतं वगैरे. ते छापता हे चांगलंच आहे, पण घरात लेकराला जुलाब लागले तर पहिल्या दोन तासात काय करायचं ते कुठेच सरळ वाचायला मिळत नाही म्हणून हे पत्र लिहितेय. मी ज्युनिअर कॉलेजला तीस वर्षं बायोलॉजी शिकवली आणि तरी मागच्या महिन्यात माझ्याच घरात चूक झाली.

नात दीड वर्षाची. रात्रीपासून पातळ संडास. मुलगा मेडिकलमधून फळाच्या चवीचा एक पॅक घेऊन आला, काउंटरवरच्याने ओआरएस मागितल्यावर तोच दिला. पोरगी आवडीने पीत होती म्हणून आम्ही पाजत राहिलो आणि जुलाब काही थांबेनात, दुपारपर्यंत डोळे खोल गेले तिचे. मग मी चष्मा लावून पॅकवरचं बारीक छापलेलं वाचलं तर 200 मिलीत साखर जवळजवळ 20 ग्रॅम, म्हणजे लिटरला 100, आणि खऱ्या ओआरएसमध्ये लिटरला ग्लुकोज असतं फक्त 13.5 ग्रॅम. अंगावर काटाच आला. लगेच साधी पुडी आणून चमच्या-चमच्याने पाजली, डॉक्टरांकडे नेलं, संध्याकाळी तिला लघवी झाली तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

साखरेने एवढा काय फरक पडतो असं लोकांना वाटतं, तर सगळा फरक तिथेच आहे. आपल्या आतड्यात रोज आठ-नऊ लिटर पाणी येतं, थोडं आपण प्यायलेलं, बाकीचं लाळ, जठररस, पित्त वगैरे, आणि त्यातलं जवळजवळ सगळं परत रक्तात शोषलं जातं. पाणी स्वतःहून कुठे जात नाही, ते मिठाच्या मागे जातं. कॉलऱ्याचं विष आतड्याच्या पेशीत शिरलं की आतला एक सिग्नल चालू होतो तो बंदच होत नाही, मिठातलं क्लोराईड बाहेर सोडणारं चॅनल (पेशीचं बारीक दार) उघडंच राहतं, क्लोराईडमागे मिठातलंच सोडियम आणि त्यामागे पाणी, नळ सोडून दिल्यासारखं. हे विष असतं हे 1959 साली कलकत्त्यात शंभूनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवलं, आपल्याच देशातलं काम आहे पण किती जणांना हे नाव माहीत आहे? सोडियम आत घ्यायची नेहमीची एक वाटही या विषाने बंद पडते. पण एक दार शाबूत राहतं, जिथून एका ग्लुकोजसोबत दोन सोडियम आत जातात आणि त्यांच्यामागून पाणी. ओआरएस म्हणजे या दाराची किल्ली. ग्लुकोज कमी पडलं तर दार उघडत नाही आणि साखर फार झाली तर ती आतड्यातच राहून उलट शरीरातलं पाणी ओढून घेते, म्हणजे जुलाब वाढतात. आमच्याकडे तेच झालं.

1971 मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून नळ लावलेल्या ड्रममधून वाटायला लावलं, पाजणारे कोण तर आया, भाऊ-बहिणी. जिथे शंभरात तीस माणसं जात होती तिथे मृत्यू चार टक्क्यांच्याही खाली आले. त्यांना पद्मविभूषण मिळालं 2023 ला, ते गेल्यानंतर. याचं मला फार वाईट वाटतं.

आणि आपण अजून डॉक्टरला म्हणतो सलाईनच लावा, तोंडाने दिलेल्याने काय होतंय. ज्याला पिता येतंय त्याचं बहुतेक वेळा तोंडानेच भागतं.

दुसरी चूक मी घरोघरी बघते, मोठी पुडी फोडून अर्धी ग्लासात घालतात, उरलेली घडी घालून डब्यात. ती पुडी एक लिटरची असते. ग्लासात अर्धी घातली तर मीठ दुप्पट-तिप्पट होतं आणि लहान बाळाला ते धोक्याचं आहे. पूर्ण पुडी, पूर्ण लिटर, उकळून गार केलेलं पाणी, आणि 24 तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. 200 मिलीची छोटी पुडीपण मिळते, बघून घ्या. दोन वर्षांखालच्या बाळाला दर जुलाबानंतर 50 ते 100 मिली, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत चमच्याने हळूहळू. सोबत झिंक, ते डॉक्टर लिहून देतात, जुलाब थांबले तरी 14 दिवस पूर्ण करायचं. अंगावरचं दूध बंद करू नका. आजी लोक मीठ घातलेली भाताची पेज देतात ती चालू ठेवा, भातातल्या स्टार्चचं आतड्यात हळूहळू ग्लुकोजच होतं. संडासातून रक्त, लघवी बंद, पोर सुस्त पडलेलं, यातलं काहीही दिसलं तर घरी थांबू नका.

ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, डब्ल्यूएचओचा (जागतिक आरोग्य संघटनेचा) फॉर्म्युला नसलेल्या पेयांवर ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली, हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाई त्यासाठी आठ वर्षं भांडत होत्या. पण पॅकवरून शब्द गेला तरी काउंटरवरून गेलेला नाही, आम्हाला तर त्याच नावाने मिळालं. मेडिकलवाल्या दादांना हात जोडून विनंती, कुणी ओआरएस मागितलं तर पुडीच द्या. आणि तुम्हाला विनंती की पावसाळाभर पहिल्या पानाच्या कोपऱ्यात चार ओळींची चौकट छापा: एक पुडी, एक लिटर, पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. मी ते कात्रण आमच्या अंगणवाडीत चिकटवीन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा