मंगळवारी बंद असणाऱ्या ताडोब्याची मंगळवारचीच सफारी विकल्याबद्दल तक्रार

दिनांक : २६ मे २०२५

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
पर्यटन कंपनी, सोलापूर शाखा

विषय : ताडोबा कौटुंबिक सहलीतील दोन कोअर (जंगलाच्या मुख्य, गाभ्याच्या क्षेत्रातील) सफारी न मिळाल्याबद्दल, तसेच बंदच्या दिवसाची माहिती न दिल्याबद्दल तक्रार आणि रक्कम परत मिळण्याबाबत.

संदर्भ : १) दि. १७ फेब्रुवारी २०२५ रोजीचे आरक्षण. २) आपले दि. ८ मे २०२५ रोजीचे ई-मेलद्वारे आलेले उत्तर.

महोदय,

मी जुळे सोलापूर येथे राहणारी आपली ग्राहक आहे. मी, माझे पती, आमची दोन मुले आणि माझे आईवडील अशा सहा जणांसाठी आपल्या शाखेतून दि. २८ ते ३० एप्रिल या काळातील ताडोबा सहल आरक्षित केली होती. या सहलीचे ५४,००० रुपये आम्ही दोन हप्त्यांत पूर्ण भरले. आपल्याच बिलाप्रमाणे त्यांपैकी २४,००० रुपये मोहर्ली परिसरातील दोन रात्रींच्या निवासाचे व जेवणाचे, २२,००० रुपये दोन कोअर सफारींचे परवाने, जिप्सी आणि मार्गदर्शक यांचे, तर उरलेले ८,००० रुपये आपल्या सेवाशुल्काचे होते. दोन्ही सफारी मंगळवार, दि. २९ एप्रिल रोजी, एक सकाळी आणि एक दुपारी, ठरवलेल्या होत्या. ताडोब्याचे कोअर क्षेत्र दर मंगळवारी पर्यटकांसाठी बंद असते. माझी संपूर्ण तक्रार या एका वाक्यात आहे. पुढे जे लिहीत आहे ते आपल्या उत्तरामुळे लिहावे लागत आहे.

दि. ८ मे रोजीच्या ई-मेलमध्ये आपण म्हणता की, राष्ट्रीय उद्यान बंद असणे ही कंपनीच्या नियंत्रणाबाहेरची बाब आहे, आरक्षणाच्या अटींत तसे नमूद आहे, त्यामुळे परतावा देय नाही, मात्र सद्भावना म्हणून पुढील सहलीसाठी २,५०० रुपयांचे कूपन देण्यात येईल. उद्यान उघडणे किंवा बंद ठेवणे आपल्या हातात नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. उद्या जंगलात वणवा लागला, अचानक पावसाने रस्ते वाहून गेले किंवा न्यायालयाचा एखादा आदेश आला, तर कोणत्याही सहल कंपनीला दोष देता येणार नाही. जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशातील व्याघ्र प्रकल्पांच्या कोअर क्षेत्रातील पर्यटन तात्पुरते थांबवले होते आणि ते त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू झाले. त्या काळात ज्यांची आरक्षणे बुडाली, त्यांच्या सहल कंपन्यांना आपली ही अट पुढे करण्याचा अधिकार होता. परंतु दर आठवड्याला येणारा मंगळवार ही नैसर्गिक आपत्ती नव्हे. आपण १७ फेब्रुवारीला आमचे पैसे घेतले, त्या दिवशीही २९ एप्रिलला मंगळवार आहे हे भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये छापलेले होते आणि मंगळवारी कोअर बंद असतो हे वनविभागाने केव्हाच जाहीर केलेले होते. नियंत्रणाबाहेरची गोष्ट आणि विचारात न घेतलेली गोष्ट या दोन वेगळ्या आहेत, आणि आपली अट फक्त पहिलीला लागू होते.

आम्ही चौकशी केली नाही असेही आपल्याला म्हणता येणार नाही. उरलेली रक्कम भरण्यासाठी मी दि. १० एप्रिल रोजी स्वतः शाखेत आले, तेव्हा काउंटरवरील कर्मचाऱ्यांना मी स्पष्ट विचारले होते की, उन्हाळ्यात उद्यान एखाद्या दिवशी बंद राहण्याची शक्यता आहे का, कारण बरोबर चौऱ्याहत्तर वर्षांचे वडील आणि सात वर्षांचा मुलगा आहे आणि ऐनवेळी फिराफिर झेपणार नाही. उद्यान पावसाळ्यातच बंद होते, एप्रिलमध्ये नाही, असे मला सांगण्यात आले. त्यानंतरही माझ्या मनात शंका राहिली म्हणून दि. २१ एप्रिल रोजी मी आपल्या व्हॉट्सॲप क्रमांकावर पुन्हा विचारले, त्यावर ‘कोअर चालू आहे, काळजी नसावी’ असे उत्तर आले. त्या संदेशाची छायाप्रत या पत्रासोबत जोडली आहे. वनविभागाच्या संकेतस्थळावर मी स्वतः पाहिले असते तर कळले असते, हे खरे आहे. पण जंगलातले दिवस, वेळा, प्रवेशद्वारे आणि परवाने यांची माहिती असलेल्या माणसाने आमच्यासाठी नियोजन करावे, यासाठीच तर ८,००० रुपये सेवाशुल्क आम्ही दिले होते.

आता दि. २९ एप्रिलला प्रत्यक्ष काय झाले ते सांगते. मुलांच्या परीक्षा २५ तारखेला संपल्या. रविवारी पहाटे आम्ही आमच्या गाडीने सोलापूर सोडले, तुळजापूर, लातूरमार्गे नांदेडला मुक्काम केला आणि सोमवारी यवतमाळ, वणी, चंद्रपूर असे करत संध्याकाळी मोहर्लीला पोहोचलो. एका बाजूचा हा प्रवास सुमारे सहाशे किलोमीटरचा आहे. आपल्या वेळापत्रकात जिप्सी पहाटे पाच वाजता हॉटेलच्या दारात येईल असे लिहिले होते. त्याप्रमाणे साडेचारलाच सगळे तयार होऊन बाहेर बसले. साडेपाच वाजले, सहा वाजले, आपल्या आपत्कालीन क्रमांकावर कोणी फोन उचलला नाही. शेवटी हॉटेलच्या रखवालदाराने आमच्याकडे बघून विचारले की, आज मंगळवार आहे, आज कुठे निघालात? आम्हाला बंदची बातमी अशी कळली.

माझ्या वडिलांनी सोलापुरात गिरणीत पाळ्या करून आयुष्य काढले. ताडोबा पाहण्याची त्यांची इच्छा फार जुनी होती. ताडोबा हे महाराष्ट्रातील पहिले राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचे, आणि त्याच्या नावामागे तारू नावाच्या गोंड प्रमुखाची कथा आहे, जो वाघाशी लढताना मरण पावला आणि ज्याचे देवस्थान ताडोबा तलावाच्या काठी आहे, हे सर्व त्यांनी नातवंडांना वाटेत सांगितले होते. मुलीने त्या तलावातील मगरींविषयी वाचून वहीत टिपणे काढली होती. आमच्या मुलांनी नान्नजच्या माळरानावर काळवीट पाहिलेले आहेत. पण सागाचे आणि बांबूचे दाट जंगल कसे असते, हे सोलापूरच्या मुलांना चित्रातच ठाऊक असते. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे वडिलांना एवढा प्रवास पुन्हा करता येईल की नाही, हे मी सांगू शकत नाही. हे मी आपली सहानुभूती मिळवण्यासाठी लिहीत नाही. ‘एक सफारी रद्द झाली’ असे आपल्या ई-मेलमध्ये जे लिहिले आहे, त्यात नेमके काय रद्द झाले याची आपल्याला कल्पना यावी, एवढ्यासाठी लिहिते आहे. शिवाय सफारी एक नव्हे, दोन होत्या.

त्या दिवशी दुपारी आपल्या स्थानिक माणसाने घाईघाईने बफर क्षेत्रातील, म्हणजे कोअरभोवतीच्या जंगलातील, एक सफारी जुळवून दिली, आणि आपले म्हणणे आहे की त्यामुळे सेवा ‘अंशतः पूर्ण’ झाली. बफरविषयी माझ्या मनात मुळीच कमीपणा नाही. आमच्या गाडीवर जवळच्याच गावातील एक तरुण मुलगी मार्गदर्शक होती आणि तिने मोह, तेंदू, ऐन ही झाडे, चितळाचा धोक्याचा आवाज आणि वाळूवरच्या पंजाचा ठसा इतका समजावून दाखवला की, सहलीतले तेच दोन-तीन तास मुलांच्या लक्षात राहिले आहेत. पण ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे कोअर क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचे आहे आणि त्याभोवतीचे बफर अकराशे चौरस किलोमीटरहून मोठे आहे. या दोन्ही ठिकाणी जंगलच असले तरी प्रवेशद्वारे आणि परवाने वेगवेगळे असतात. ताडोबा तलाव कोअरमध्ये आहे, बफरमधून तो दिसत नाही. आपल्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर मात्र त्याच तलावाचे छायाचित्र आहे आणि त्याखाली ‘दोन कोअर सफारींसह’ असे ठळक अक्षरांत छापलेले आहे. जे छापले तेच विकले, आणि जे विकले ते दिले नाही.

याहून गंभीर बाब परवान्यांची आहे आणि तिच्याबद्दल आपल्या ई-मेलमध्ये एक शब्दही नाही. सफारीचा परवाना पर्यटकांच्या नावाने आणि ओळखपत्राच्या तपशिलासह निघतो. आपण आम्हा सहाही जणांच्या आधारकार्डांच्या प्रती फेब्रुवारीतच घेतल्या होत्या. बंदच्या दिवसाचा कोअर परवाना वनविभाग देत नाही. मग आपण आमच्यासाठी कोअरचे परवाने काढले होते असे कसे म्हणता येईल? आम्हाला जे ‘सफारी व्हाउचर’ देण्यात आले त्यावर आपल्या कंपनीचा क्रमांक आहे, वनविभागाचा नाही. याचा अर्थ एवढाच होतो की, परवान्यांचे म्हणून घेतलेले पैसे दहा आठवडे आपल्याकडेच होते आणि परवाना काढण्याचा प्रयत्नसुद्धा झाला नव्हता, कारण एकदा जरी प्रयत्न झाला असता तरी ती तारीख उपलब्ध नाही हे त्याच क्षणी कळले असते. मी काही चुकीचे समजत असेन, तर आमच्या नावे काढलेल्या परवान्यांची प्रत आपण पाठवावी.

आपण आरक्षणाच्या वेळी, किंवा अगदी २१ एप्रिलला मी विचारले तेव्हाही, ‘मंगळवारी कोअर बंद असतो’ एवढे सांगितले असते, तर काहीच बिघडले नसते. आम्ही एक दिवस उशिरा निघालो असतो आणि बुधवारी सफारी केली असती. तारखा बदलता आल्या नसत्या, तर मंगळवार चंद्रपूरचा गोंडकालीन किल्ला आणि महाकाली मंदिर पाहण्यासाठी किंवा वरोऱ्याचे आनंदवन पाहण्यासाठी ठेवला असता आणि सफारीसाठी आणखी एक रात्र राहिलो असतो. मुलांना आणि वडीलधाऱ्यांना घेऊन जंगलाच्या आसपास सहल आखायची म्हणजे बंदचे दिवस आधी पाहायचे आणि बाकीचे त्याभोवती बसवायचे, ही या कामातील पहिली पायरी आहे. प्रत्येक उद्यानाची सुट्टी निराळी असते. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असते, कान्हामध्ये बुधवारी दुपारची सफारी नसते. सामान्य कुटुंबाला हे सगळे पाठ नसते, म्हणूनच ते आपल्याकडे येते.

हे पत्र केवळ माझ्या पैशांसाठी असते तर मी कदाचित इतके सविस्तर लिहिले नसते. गेल्या आठवड्यात आपल्या शाखेबाहेर मी नवा फलक पाहिला. त्यावर १५ ऑगस्टच्या जोडून येणाऱ्या सुट्टीसाठी ‘पावसाळी ताडोबा’ ही सहल जाहीर केलेली आहे आणि छायाचित्र पुन्हा त्याच तलावाचे आहे. ताडोब्याचे कोअर क्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात पूर्ण बंद असते. ती सहल बफरची असेल तर ती जरूर विका, पण ‘बफर’ हा शब्द आणि कोअर बंद असल्याची सूचना फलकावर तितक्याच मोठ्या अक्षरांत लिहा. आणखी एखादे कुटुंब आपल्या वृद्ध माणसांना घेऊन सहाशे किलोमीटर जाईल आणि रखवालदाराकडून बातमी ऐकेल, हे मला डोळ्यांसमोर दिसते आहे.

माझी मागणी पुढीलप्रमाणे आहे. दोन कोअर सफारींचे २२,००० रुपये आपण परत करावेत. त्यातून बफर सफारीवर प्रत्यक्ष झालेला खर्च मूळ पावत्या दाखवून वजा करण्यास माझी हरकत नाही. नियोजन हीच सेवा होती आणि तीच झाली नाही, त्यामुळे सेवाशुल्काचे ८,००० रुपये पूर्ण परत मिळावेत. निवास आणि जेवण ठरल्याप्रमाणे मिळाले, त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही आणि त्या २४,००० रुपयांवर माझा दावा नाही. २,५०० रुपयांचे कूपन मला नको आहे. मानसिक त्रासाची भरपाई मी या पत्रात मागत नाही, कारण चूक मान्य करून हे प्रकरण इथेच मिटवण्याची संधी आपल्याला मिळावी असे मला वाटते. यासोबत माझ्या वडिलांच्या नावे लेखी दिलगिरीचे पत्र यावे, अशी माझी वैयक्तिक विनंती आहे, आणि मला ती रकमेइतकीच महत्त्वाची वाटते.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम माझ्या खात्यात जमा न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटी व अनुचित व्यापारी प्रथा या कारणांसाठी सोलापूर येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. आपल्या अटींमध्ये सर्व वाद मुख्य कार्यालयाच्या शहरातच चालतील असे छापलेले आहे, परंतु या अधिनियमाने ग्राहकाला तो स्वतः राहतो त्या ठिकाणच्या आयोगाकडे जाण्याचा अधिकार दिलेला आहे, हे माहितीसाठी नमूद करते. तेथे जावे लागल्यास भरपाई आणि खर्च यांचीही मागणी मी करीन.

आरक्षणाची पावती, बिल, सफारी व्हाउचर, माहितीपत्रकाचे पहिले पान आणि दि. २१ एप्रिलच्या संदेशाची छायाप्रत सोबत जोडली आहे. मूळ कागद माझ्याकडे आहेत. कृपया उत्तर लेखी द्यावे. या विषयावर फोनवर बोलण्याची माझी इच्छा नाही.

आपली विश्वासू,
(सही)
जुळे सोलापूर, सोलापूर