पोटात पाकळ्या असलेली गोटी जर्मन नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या गोट्या जमवण्याच्या छंदावर लेख आला, तो मी दोनदा वाचला. गोट्यांना मराठी वर्तमानपत्रात अर्धं पान मिळालेलं मी तरी पहिल्यांदाच पाहिलं, त्याबद्दल मनापासून आभार. पण त्यातलं एक वाक्य दुरुस्त व्हायला हवं. 'पारदर्शक काचेच्या पोटात रंगीत नक्षी दिसली की ती गोटी शंभर वर्षांपूर्वीची जर्मन समजावी,' असं त्यात म्हटलं आहे. तसं नाही. या वाक्याच्या भरवशावर कुणीतरी साधी गोटी पाचशे रुपयांना घेईल. आणि खरी जुनी गोटी घरात असूनही ओळखू न आल्याने ती भंगारात जाईल, याची मला जास्त धास्ती वाटते.

मी कऱ्हाडची. ३१ वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवलं. गोट्या माझ्या नव्हेत, दादाच्या. मुलींनी सागरगोटे खेळायचे आणि मुलग्यांनी गोट्या, अशी आमच्या आळीची रीत. मी ओट्यावर बसून त्याचं 'एकलम खाजा, दुब्बी राजा, तिराणी बोजा' ऐकत असे आणि त्याने जिंकलेल्या गोट्या फ्रॉकच्या ओच्यात सांभाळत असे. दादा २००९ साली गेला. पुढच्या दिवाळीआधी माळा आवरताना वहिनीने साठे बिस्किटांचा गंजलेला डबा माझ्या हातात ठेवला. आत २१२ गोट्या होत्या.

जुन्या चादरीवर त्या पसरल्या, भिंग आणि जाडी बारकाईने मोजायचा व्हर्नियर कॅलिपर घेतला आणि बसले. दीडशेच्या आसपास गोट्या आपण सगळे ओळखतो त्याच निघाल्या: स्वच्छ काच आणि मधोमध तीन-चार रंगीत पाकळ्या. आपल्या लेखासोबत छापलेल्या छायाचित्रातली गोटीही हीच आहे. जमवणारे हिला 'कॅट्स आय' म्हणतात, म्हणजे मांजराचा डोळा. ही यंत्रावरची गोटी. दुसऱ्या महायुद्धानंतर ती जपानमधून जगभर गेली आणि १९५० च्या दशकात अमेरिकेतले कारखानेही ती काढू लागले. ती कितीही मळलेली, घासलेली दिसो, तिचं वय त्यामागे जाणार नाही.

जुन्या जर्मन गोटीची घडणच निराळी. जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतातलं लाउशा हे काच कारागिरांचं गाव. नाताळच्या झाडाला टांगायचे काचेचे गोळेही तिथूनच जगभर गेले. तिथे १८४६ च्या सुमाराला गोट्या कापायची एक खास कात्री निघाली. तिच्या एका पात्याला छोटी वाटी असते. रंगीत काचेचे धागे आत घालून काचेची कांडी करायची, ती तापवून पीळ द्यायचा आणि मऊ टोक त्या वाटीत फिरवत गोल करून कापायचं. त्यामुळे धागे गोटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पिळत जातात आणि जिथे गोटी कांडीपासून सुटली तिथे खूण राहते. भिंगातून ती तांदळाच्या कणीएवढी खडबडीत जागा दिसते, कधी किंचित घासून सपाट केलेली. बहुधा अशा दोन खुणा समोरासमोर असतात.

पुढे अमेरिकेत ओहायोतल्या ॲक्रनचे मार्टिन ख्रिस्टेन्सेन यांना १९०५ साली काचेचे गोळे करण्याच्या यंत्राचं पेटंट मिळालं. काचेचा तापलेला गोळा फिरत्या खाचांमधून लोळत गोल होतो, म्हणून हाताच्या गोटीसारखी खडबडीत खूण बहुधा राहत नाही. पहिल्या महायुद्धात जर्मन माल थांबला आणि अमेरिकी कारखान्यांचा जम बसला. तेव्हा प्रश्न आत रंग आहे का हा नव्हे. रंग कसा फिरतो आणि टोकाला खूण आहे का, हे पाहायचं. तेवढ्यानेही लगेच निकाल देऊ नये, कारण हाताने गोट्या घडवणारे कारागीर आजही आहेत आणि त्यांच्या गोट्यांनाही अशी खूण असू शकते.

दादाच्या डब्यात अशा खुणांच्या तीन गोट्या होत्या. आजोबा मुंबईला गोदीत कारकून होते, त्यांनी बाबांसाठी आणलेल्या, असं आत्या सांगायची. त्यातली एक माझ्या हातून गेली. गेली म्हणजे आहे, समोरच आहे, पण तिचं सांगणं गेलं. मला तेव्हा कळत नव्हतं. पृष्ठभाग खरवडलेला, धुरकट होता, म्हणून खड्यांना पैलू पाडणाऱ्या एका कारागिराकडे ती झिलईला दिली. त्याने सांगितल्याप्रमाणे काम चोख केलं. गोटी लखलखीत झाली, आतले पांढरे-तांबडे धागे स्पष्ट दिसू लागले आणि दोन्ही टोकांच्या खुणा साफ पुसल्या गेल्या. आधी व्हर्नियरवर ती एका बाजूने १६.४ मिलिमीटर होती आणि दुसऱ्या बाजूने १५.८, हाताने घडवलेली गोटी अशी थोडी वाकडी असतेच. आता ती सगळीकडून सारखी आहे. ती हाताची होती हे मला माहीत आहे, पण कुणाला दाखवून देता येत नाही. म्हणून हात जोडून सांगते, जुन्या गोटीला झिलई करू नका. कोमट पाणी, साधा साबण, मऊ कापड, बस. गरम पाणी तर नकोच, काच तडकते.

खेळून झालेल्या जखमांविषयीही लेखात गोंधळ आहे. टोला बसला की काचेच्या कातडीखाली बारीक चंद्रकोर उमटते. गोटी खिडकीशी धरून फिरवली की ती चमकून जाते. दादाच्या नेमाच्या गोटीवर अशा मी ४७ मोजल्या. पण त्यावरून गोटी किती खेळली गेली ते कळतं, किती जुनी ते नाही. शहाबादी फरशीवर आठवडाभर खेळलेली नवी गोटीही अशी होते. अतिनील विजेरीचंही तसंच. गोटी हिरवी चमकली तर काचेत युरेनियम असू शकतं, पण तशी काच आजही बनते.

आता सोड्याच्या गोटीबद्दल. डब्यात फिक्या हिरवट, नक्षी नसलेल्या ४१ गोट्या आहेत. 'सोड्याच्या जुन्या बाटल्यांतून गोट्या सहज मिळवता येतात,' हे लेखातलं वाक्य वाचून मला वाईट वाटलं. सहज म्हणजे बाटली फोडूनच ना? ही बाटली इंग्लंडच्या हायरम कॉड यांनी १८७२ साली काढली. ती उलटी धरून भरतात. सोड्यातल्या वायूच्या दाबाने गोटी गळ्यातल्या रबरी कड्यावर घट्ट बसते, वेगळं बूच लागतच नाही. अंगठ्याने गोटी आत ढकलली की दाब सुटतो आणि ओतताना ती गळ्याच्या खोबणीत अडकून राहते. मी वर्गात वायूचा दाब शिकवताना हीच बाटली नेत असे. मागच्या बाकावरची मुलंही उठून पुढे येत. गोटी आत टाकल्यावर बाटलीचं तोंड आवळलेलं असतं, त्यामुळे ती अख्खी बाहेर निघत नाही. आमच्या आळीतल्या मुलांनी बाटल्या फोडल्या, दादानेही फोडल्या. तेव्हा त्या पेट्या भरभरून होत्या. आज आपल्या घरात एखादी उरली असेल तर गोटी तिच्या पोटातच राहू द्या. नुसती हिरवी गोटी पुष्कळ मिळते.

माझी आपल्याला विनंती अशी की, पुरवणीत दुरुस्ती छापावी आणि सोबत मांजराचा डोळा व धागे पिळलेली हाताची गोटी यांची छायाचित्रं शेजारी शेजारी द्यावीत. दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरचे डबे खाली येतील. घरात कुणी वडीलधारं माणूस असेल तर गोट्या त्याच्यापुढे ठेवून विचारा, कुणी आणल्या, कोण खेळायचं, आणि ते तिथल्या तिथे लिहून डब्यात टाका. मी दादाला विचारलं नाही. जे थोडं कळलं ते आत्याकडून, आणि तीही आता नाही.

मी प्रत्येक गोटीला कागदी पाकीट केलं आहे. तिसऱ्या पाकिटावर लिहिलं आहे: 'पांढरे-निळे धागे, उजवा पीळ. दोन्ही टोकांना खूण. १७.१ / १६.६ मिमी. चंद्रकोरी ९. आजोबांनी मुंबईहून आणली (आत्या). बाबा खेळले, दादा खेळला. झिलई केलेली नाही.'

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, कऱ्हाड