ढगांच्या पाठीमागची टिपणे

महोदय,

एकोणिसाव्या शतकातली निसर्गचित्रे म्हणजे निव्वळ भावुकता, हा समज खोडायला इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबलचे ढग पुरेसे आहेत. इंग्रज हवामान-अभ्यासक ल्यूक हॉवर्डने १८०२ मध्ये ढगांचे प्रकार पाडून त्यांना नावे दिली. कॉन्स्टेबलने ते वर्गीकरण समासात टिपणे करत वाचले. १८२१-२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला उघड्यावर बसून तो तैलरंगात भराभर ढग रंगवी आणि कागदाच्या मागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहून ठेवी. मला ही मागची नोंद चित्राइतकीच मोलाची वाटते. १८३६ च्या व्याख्यानात तर त्याने चित्रकलेला शास्त्रच म्हटले. आपल्या शाळांत मात्र चित्रकलेच्या आणि विज्ञानाच्या तासाची गाठच पडत नाही. पाठ्यपुस्तकात ढगांच्या धड्याशेजारी ही चित्रे जरूर छापावीत.

— एक कलाशिक्षक, सातारा