दादाशी बोललास का?

चि. समीर,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी रात्री अकरानंतर घराच्या ग्रुपवर तू दादाला जे लिहिलंस, ते सकाळी पुसलंस. तोवर सगळ्यांनी वाचलं होतं. माडीवरच्या खोल्या कुणाच्या, हा विषय मी काढणार नाही. कागद नंदूकाका बघताहेत. मला एवढंच विचारायचंय, दादाशी बोललास का?

रोमन तत्त्वज्ञ सेनेकानं रागावर तीन भागांचं पुस्तक लिहिलं, ते थोरल्या भावासाठी, नोव्हेटससाठी. राग कसा शमवावा, हे भावानंच विचारलं होतं. त्यात रागाच्या तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर अंग तापतं, छाती धडधडते. ती कुणालाच थांबवता येत नाही आणि सेनेका तिला दोषही देत नाही. दुसरीवर मन निवाडा करतं, की माझ्यावर अन्याय झाला आणि समोरच्याला शिक्षा व्हायला हवी. तिसरीवर विचार संपतो, काहीही होवो पण सूड हवा, एवढंच उरतं. माणसाच्या हातात असतं ते दुसरीवर, कारण विचारानं केलेला निवाडा विचारानं मोडताही येतो. म्हणून त्याचा सर्वांत मोठा उपाय म्हणजे थांबणं. थांबून लगेच माफ कर, असं तो म्हणत नाही. आधी नीट तपासून बघ, एवढंच मागतो. लोक नेमके इथे चुकतात. 'मोठ्या मनानं सोडून दे' म्हटलं की रागावलेला माणूस आणखी पेटतो.

अथेनोडोरस या तत्त्वज्ञानं रोमन सम्राट ऑगस्टसला सांगितलं होतं, राग आला की ग्रीक मुळाक्षरं, चोवीसच्या चोवीस, मनात म्हणायची आणि मगच बोलायचं. हे प्लुटार्क या ग्रीक चरित्रकारानं नोंदवलंय. मोबाइल हातात असताना चोवीस अक्षरं पुरायची नाहीत. रात्री लिहिलेलं सकाळी वाचून मग पाठवावं.

मला खरी भीती वेगळीच वाटते. सेनेका पिसो नावाच्या अधिकाऱ्याची हकिकत देतो. एक शिपाई सोबत्याशिवाय छावणीत परतला, म्हणून पिसोनं त्याला खुनी ठरवून मृत्युदंड दिला. मान खाली घालून तो उभा असतानाच सोबती जिवंत परत आला. शिक्षेवर देखरेख करणाऱ्या शताधिपतीनं, म्हणजे तुकडीच्या नायकानं, तलवार म्यान करवली आणि दोघांना घेऊन पिसोकडे गेला. पिसोनं तिघांनाही मारलं. पहिल्याला शिक्षा आधीच झाली होती म्हणून, दुसरा त्या शिक्षेला कारण झाला म्हणून, तिसऱ्यानं हुकूम मोडला म्हणून. कारण संपलं तरी राग संपत नाही. आपण विनाकारण चिडलो होतो असं दिसू नये, म्हणून माणूस तो धरून ठेवतो आणि त्यासाठी नवी कारणं शोधतो. आता फोन केला तर आपलं चुकलं असं ठरेल, म्हणून तर तू थांबला नाहीस ना?

पुन्हा शिकवायला लागले. रागावू नकोस. तू कुणाला भीत नाहीस, तोंडावर खरं बोलतोस, याचा मला अभिमान आहे. पण दादाच्या पहिल्या पगारातून तुझी हॉस्टेलची फी गेली होती आणि त्यानं ते कधी बोलून दाखवलं नाही. तू पाचवीत असताना तापात त्याचाच हात धरून झोपायचास. हे लिहिणार नव्हते.

एक गोष्ट मात्र करून बघ. सेनेका रोज रात्री दिवा नेल्यावर पूर्ण दिवसाची झडती घ्यायचा. पत्नीला ही सवय माहीत होती, ती गप्प राही. सेक्स्टिअस या विचारवंताचे तीन प्रश्न त्यानं घेतले होते. आज मनाचं कोणतं दुखणं बरं केलंस? कोणत्या दोषाला अडवलंस? कशात सुधारलास? काही लपवायचं नाही. चूक सापडली की 'पुन्हा करू नकोस, या वेळी माफ' म्हणायचं आणि झोपायचं. हे माफ करणं गाळू नकोस. नाहीतर झडतीचं नुसतं कुढणं होतं.

नशिबाचं तर काय सांगू! इ.स. ४१ मध्ये सेनेकाला कॉर्सिका बेटावर हद्दपार केलं, परतायला ४९ उजाडलं. तिथून त्यानं आईला, हेल्व्हियाला, सांत्वनाचं पत्र लिहिलं. माझ्या भावांकडे बघ, ते सुखरूप असताना नशिबाला दोष देणं तुला शोभत नाही, असं त्यात आहे. हेल्व्हियाला तिघे मुलगे होते. मला तुम्ही दोघेच.

दमलेला आणि भुकेला माणूस भांडण उकरून काढतो, हेही सेनेकाच्या रागावरच्या पुस्तकात आहे. दादा हल्ली रात्री नऊला दमून येतो, तेव्हा फोन नको. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर कर. खोल्यांचं काढू नकोस. ते कागद आल्यावर तिघं बसून बोलू.

तुझी,
आई

ता. क. फोन झाला की मला कळव. कितीही वाजले असले तरी.